वॉल्डेमार हाफकिन : आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन आपण दर वर्षी १० मार्च रोजी पाळतो. १८९७ साली पुणे परिसरात प्लेगचे थैमान चालू असता मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्याकडे निघाल्या, आणि त्याच सेवेत रोगाची बाधा होऊन त्यांचे निधन झाले. हा प्रसंग आपल्या शाळेतील लहान मुलालाही ठाऊक आहे. सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अशी, की त्यापूर्वी बरोबर दोन महिने, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत एका परदेशी शास्त्रज्ञाने प्लेगवर आपण तयार केलेली लस सर्वांआधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. रोग आणि त्यावरचा उपाय दोन्ही एकाच प्रांतात होते. पण उपाय सावित्रीबाईंपर्यंत पोहोचला नाही. त्या शास्त्रज्ञाचे नाव वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्या नावामागचा माणूस मात्र अपरिचितच राहिला.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. त्या साम्राज्यात यहुद्यांनी कोठे राहावे, कोणता व्यवसाय करावा, किती शिकावे यावर नाना प्रकारची बंधने होती. जन्माने लादलेल्या बंधनांचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा सांगावा लागत नाही. तरुण हाफकिन ओडेसाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकू लागले. १८८१ मध्ये त्या भागात यहुदीविरोधी दंगली उसळल्या, तेव्हा वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते. त्यापायी त्यांना अटक झाली. त्यांना सोडवण्यासाठी शब्द टाकला तो त्यांचे गुरू, प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी.

हे मेचनिकॉफ म्हणजे पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात त्यांनी एक बारीक काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर अळीच्या शरीरातील फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. परकी वस्तू आत शिरली की शरीर निमूट बसत नाही, ते प्रतिकारासाठी हालचाल करते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. आपल्या शरीरात रोगाशी झुंजणारे सैन्य आहे आणि त्या सैन्याला शिकवता येते, या विचाराचे बीज हाफकिन यांच्या मनात गुरूच्या सहवासातच रुजले असावे.

शिक्षण पुरे झाल्यावर विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळण्याची शक्यता होती. अट एकच होती : यहुदी धर्म सोडून राजधर्माचा, म्हणजे सनातनी ख्रिस्ती पंथाचा, स्वीकार करायचा. हाफकिन यांनी नकार दिला. पद गेले. काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले आणि १८८८ मध्ये देश सोडून ते जिनिव्हाला गेले. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. येवल्याच्या भूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये ती नागपूरला प्रत्यक्षात आणली. एकाने धर्म बदलण्यास नकार दिला, दुसऱ्याने धर्म बदलला. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते. परंतु दोन्ही निर्णयांच्या मुळाशी तत्त्व एकच आहे. माणसाचा धर्म त्याच्या विवेकाने ठरावा. नोकरीच्या आमिषाने, राजाच्या हुकमाने किंवा जन्माच्या सक्तीने तो ठरू नये.

पुढच्याच वर्षी हाफकिन पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. मेचनिकॉफ तेथे आधीच पोहोचले होते. संस्थेत एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथपालाची. ती त्यांनी आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला. युरोपात त्या वेळी कॉलऱ्याची साथ पसरत होती आणि त्यांनी तोच विषय हाती घेतला.

त्यांच्या कॉलऱ्याच्या लसीची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण शरीराला शिकवण्याची सारी रीत तिच्यात दिसते. त्यांनी कॉलऱ्याच्या जिवाणूंची दोन रूपे तयार केली. एक रूप उष्णता व हवेच्या झोताखाली वाढवून दुर्बल केलेले. दुसरे गिनीपिगच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन मुद्दाम प्रखर केलेले. आधी दुर्बल जिवाणू टोचायचे, काही दिवस थांबायचे आणि मग प्रखर जिवाणू टोचायचे. पहिल्या मात्रेने शरीराला शत्रूची ओळख होते. दुसऱ्या मात्रेच्या वेळी शरीर पूर्वीसारखे बेसावध नसते. पहिल्यांदाच जी मात्रा असह्य झाली असती, ती आता ते पेलते आणि त्यातून अधिक बळकट होते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, काही दिवसांत उतरले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

लसीची खरी परीक्षा जेथे कॉलरा घर करून होता तेथेच होणार होती. १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारतात फिरून ४२,००० हून अधिक माणसांना लस टोचली. लोकांचा विश्वास मिळवणे सोपे नव्हते. कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्यावर दगड आले. तेव्हा त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी जमावासमोर स्वतःलाच टोचून घेतले. हे पाहून लोक निवळले आणि पुढे आले. काटलबागान या वस्तीत १८९४ मध्ये सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे कॉलऱ्याचे जे रुग्ण निघाले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर जगणाऱ्या माणसांची अशी तुलना करण्यावर हाफकिन यांचा कटाक्ष असे. आपले म्हणणे केवळ विश्वासाने मानले जावे, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. कालामांच्या गावी तथागतांनी जी शिकवण दिली तिचा विज्ञानातील अर्थ याहून वेगळा तो काय? अति श्रमाने आणि हिवतापाने खंगलेले हाफकिन १८९५ मध्ये युरोपला परतले आणि बरे वाटताच पुढच्या वर्षी पुन्हा भारतात आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. दाट वस्तीच्या चाळींत रोग वणव्यासारखा पसरला. लाखो लोकांनी शहर सोडले आणि त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेच्या वाटेने बाहेर पडला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती.

या वेळी त्यांनी जिवंत जिवाणूंऐवजी मारलेले जिवाणू वापरण्याचे ठरवले. मांसरसाच्या पात्रात वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जिवाणू त्या थेंबांच्या आधाराने झुंबरासारखे खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. येथील लोकांच्या भावना लक्षात घेऊन रसासाठी बोकडाचे मांस वापरले जाई. पुरेशी वाढ झाली की उष्णता देऊन जिवाणू मारायचे, आणि उरलेला द्रव ही लस. अहोरात्र काम करून तीन महिन्यांच्या आत ती सिद्ध झाली. सोबतीचे काही मदतनीस या श्रमांनी आजारी पडले, काही सोडून गेले. हाफकिन थांबले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. पुढे लोकांना जी मात्रा दिली गेली, तिच्या तिपटीहून ही अधिक होती.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वखुशीने तयार झाले त्यांना लस देण्यात आली. ज्यांच्या अंगात रोग आधीच भिनला होता असे काहीजण लस घेऊनही त्याच दिवशी दगावले. यातून एक कठोर सत्य स्पष्ट झाले : लस हे औषध नव्हे. शरीराला शिकण्यासाठी दिवस लागतात, आणि घरात शिरलेल्या शत्रूसमोर तो अवधी मिळत नाही. परंतु त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्या कैद्यांपैकी १२ आजारी पडले व त्यांतील ६ मरण पावले. लस घेतलेल्यांपैकी केवळ २ आजारी पडले आणि दोघेही वाचले. अन्न तेच, भिंती त्याच, हवा तीच. फरक फक्त लसीचा होता.

याच सुमारास पुण्यात प्लेग आटोक्यात आणण्यासाठी गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती, सामानाची जाळपोळ, स्त्रियांची विटंबनाकारक तपासणी असे प्रकार झाले. लोक संतापले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोगाशी लढताना माणसाची प्रतिष्ठा पायदळी तुडवली की औषधाचीही लोकांना भीती वाटू लागते. हाफकिन यांचा मार्ग याच्या उलट होता. लस सक्तीने देऊ नये, ती लोकांना पटवून द्यावी, हा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपली जागा दिली, आणि हजारो खोजा बांधवांनी त्यांचे अनुकरण केले. मागणी वाढत गेली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ज्या दालनांत पूर्वी गव्हर्नरच्या मेजवान्या झडत, तेथे आता गावोगावच्या गोरगरिबांसाठी लसीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या.

शरीर जे शिकते ते किती काळ लक्षात ठेवते, हा प्रश्न हाफकिन यांच्यासमोर होता आणि आजही तो संशोधकांसमोर आहे. देवी एकदा येऊन गेलेल्या माणसाला सहसा पुन्हा येत नाहीत, हे आपल्या आजी-पणजींना माहीत होते. प्लेगच्या लसीचे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते आणि साथ पुन्हा आली की पुन्हा टोचून घ्यावे लागते, हे लवकरच दिसून आले. देवी हा विषाणूचा रोग, प्लेग व कॉलरा हे जिवाणूंचे. तरी शरीराची शिकण्याची मूळ रीत एकच आहे. पहिल्या भेटीत शरीर रोगजंतूला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्याला काही दिवस लागतात. धोका टळल्यावर प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात. परंतु काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. दुसरी भेट होताच, मग ती रोगाशी असो वा लसीशी, या पेशी झपाट्याने वाढतात आणि पहिल्यापेक्षा अधिक व अधिक अचूक प्रतिपिंडे निर्माण करतात.

कोविडच्या काळात हे आपण सर्वांनी अनुभवले. ज्यांना आधी संसर्ग होऊन गेला होता त्यांना नंतर लसीची पहिलीच मात्रा मिळाली, तेव्हा त्यांच्या शरीरात प्रतिपिंडांचे प्रमाण, कधीच संसर्ग न झालेल्यांच्या पहिल्या मात्रेच्या तुलनेत, कितीतरी अधिक वाढले. त्यांच्या दृष्टीने ती पहिली मात्रा म्हणजे जुन्या धड्याची उजळणी होती. विषाणूची बदललेली रूपे ओळखण्याची क्षमताही अशा व्यक्तींत अधिक आढळली. तरीही काळ जातो तशी प्रतिपिंडे घटतात, विषाणू आपला वेष बदलतो, आणि म्हणून वर्धक मात्रेची गरज पडते. यावरून आधी आजार होऊ द्यावा आणि मग लस घ्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. आजारानेही शरीर शिकते, पण त्या शिकवणीचे शुल्क किती घरांना प्राणांनी भरावे लागले हे आपण पाहिले आहे. तीच शिकवण प्राण धोक्यात न घालता मिळावी, यासाठीच हाफकिन आयुष्यभर झटले.

त्यांच्यावरचा सर्वांत मोठा आघात मात्र रोगाने केला नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. चौकशी बसली. बाटलीतील दोष परळच्या प्रयोगशाळेतच निर्माण झाला आणि हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत केलेला बदल त्याला कारणीभूत ठरला, असा ठपका ठेवला गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्या माणसाने आधी स्वतःला टोचून मग इतरांना टोचले, त्याच्या माथी एकोणीस मृत्यू मारले गेले.

सत्य कागदपत्रांतच होते. बाटली उघडताना तिचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर धरून निर्जंतुक न करता केवळ औषधी पाण्यात बुचकळून वापरण्यात आला होता. बाटली भरून कित्येक आठवडे लोटले होते. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासून आत असते, तर द्रवाला दुर्गंधी सुटली असती. पण उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तसा वास आला नव्हता. एकाच तुकडीच्या इतर बाटल्यांनी कोणालाही अपाय केला नव्हता. म्हणजे दोष मुंबईत नव्हता, गावातच उत्पन्न झाला होता. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण उचलून धरले. १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांना निर्दोष ठरवण्याची मागणी केली. पाच वर्षांनी कलंक पुसला गेला.

त्यांना पुन्हा भारतात बोलावण्यात आले, पण मुंबईला नव्हे, कलकत्त्याला. तेथे लस तयार करण्याची सोय नव्हती. सन्मान परत मिळाला. ज्या कामासाठी तो मिळाला होता ते काम मात्र परत मिळाले नाही. १९१५ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपला गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. आयुष्याची शिल्लक त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. १९२५ साली, ते हयात असतानाच, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. याच परळमधून पुढे पोलिओची तोंडावाटे द्यायची लस देशाच्या कानाकोपऱ्यातील बालकांपर्यंत पोहोचली.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांनी देह ठेवला. त्याच वर्षीच्या २ मार्चला आपल्या नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. ज्या समाजाला देवळाच्या दारातून आत घेतले जात नव्हते, त्याच समाजाच्या वस्तीत लसीची बाटली घेऊन जाताना हाफकिन यांच्या शास्त्राने जात विचारली नाही. प्लेगही जात विचारत नव्हता. रोगापुढे सारी शरीरे सारखी, तर उपायावरही साऱ्यांचा हक्क सारखा, हा साधा न्याय विज्ञानाने मानला. समाजाने तो मानायला फार वेळ लावला.

आपल्या निवासी शाळेत शेकडो मुले एका छताखाली झोपतात, एका पंगतीत जेवतात. एकाचा खोकला दुसऱ्या दिवशी सर्व खोलीचा होतो. म्हणून लसीकरणाच्या दिवशी रांगेत दंड पुढे करणारा विद्यार्थी केवळ स्वतःपुरता विचार करत नाही. तो शेजारच्या बिछान्यावरील मित्राचेही रक्षण करतो. प्रज्ञा आणि करुणा या दोहोंचा संगम पुस्तकात शोधावा लागत नाही, तो त्या रांगेतही दिसतो. सुई टोचताना क्षणभर दुखेल, तेव्हा मुंबईच्या त्या खोलीतील एकट्या माणसाची आठवण व्हावी, आणि त्याच्याबरोबरच लस हाती नसताना आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाईंचीही.